मीठ टाकण्याआधी डोकं-शेपूट बघा: मायसेलची ओळख, नवख्यांसाठी

आमच्या मामीच्या बचतगटाने भांडी घासायचं लिक्विड करायला घेतलं तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागलाय. चिपळूणहून सामान आणलं, एसएलईएसची (फेस करणारं डिटर्जंट, सोडियम लॉरिल इथर सल्फेट) पेस्ट, थोडा रंग, लिंबाचा वास, आणि दुकानदाराने सांगितलं होतं की शेवटी मीठ टाका, घट्ट होतं. झालं पण घट्ट. मग अजून घट्ट व्हावं म्हणून अजून मूठभर मीठ, तर ते एकदम पातळ, मग वाटलं मीठ कमी पडलं म्हणून अजून मीठ, शेवटी पंचवीस लिटरच्या बादलीत नुसतं हिरवं पाणी. मला फोन आला, "अरे काय रे हे, काल मधासारखा होता, आज ताकासारखा झालाय!" फोनवर एवढंच सांगता आलं की मामी आता मीठ थांबव. का थांबव हे सांगायला मात्र घरी जाऊन पडवीत बसावं लागलं, कागदावर चित्रं काढावी लागली, आणि तेच इथे लिहितोय. तुम्ही बीएस्सीला असा किंवा घरी साबण करणारे असा, बारावीचं केमिस्ट्री थोडं आठवत असलं तरी पुरे.

आधी सामान सांगून टाकतो म्हणजे वाचता वाचता करून बघता येईल. पाणी तपासायचा पेनसारखा टीडीएस मीटर, गॅरेजमध्ये मिळतं ते बॅटरीचं पाणी दोन लिटर, मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज, सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा, एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) पावडर, एसएलईएस पेस्ट, खोबरेल तेलाचा एक साबण आणि कुठलाही साधा कपड्याचा साबण. एसएलएस पावडर हाताळताना तोंडाला मास्क लावाच, नाकात गेली की शिंका थांबत नाहीत, अनुभवाने सांगतोय.

स्टेप १: रेणू नीट बघा

सर्फॅक्टंट म्हणजे साबण-डिटर्जंटमधला मळ काढणारा पदार्थ. त्याच्या रेणूला एक डोकं असतं आणि एक शेपटी. डोक्याला पाणी आवडतं, शेपटी तेलासारखी, कार्बनची साखळी. पाण्यात टाकलं की आधी हे रेणू वरच्या पृष्ठभागावर जाऊन शेपट्या हवेत काढून उभे राहतात. वर जागा संपत आली की मग उरलेले पाण्यातच एकत्र येतात, शेपट्या आत, डोकी बाहेर, असा गोळा. हाच मायसेल. मॅकबेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ही कल्पना मांडली. ज्या प्रमाणाला हे गोळे व्हायला लागतात त्याला सीएमसी म्हणतात, क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन. त्याच्या खाली मायसेल जवळपास नाहीत, त्याच्या वर जेवढं टाकाल तेवढं बहुतेक सगळं मायसेलमध्येच जातं. भांड्याचं तेल पोटात घेऊन जातात ते हे मायसेल, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

एक गैरसमज आत्ताच काढून टाका, मायसेल म्हणजे काही टणक गोटी नव्हे. आतल्या शेपट्या तेलासारख्या हलत असतात, रेणू सतत आत-बाहेर करत असतात, अख्खे मायसेलसुद्धा मोडतात आणि परत बनतात. एसटी स्टँडवरच्या गर्दीसारखं, गर्दी तेवढीच दिसते पण माणसं बदललेली असतात.

स्टेप २: शेपटी मोजा

शेपटी जितकी लांब तितकी ती पाण्याला नकोशी, त्यामुळे मायसेल लवकर बनतात आणि सीएमसी खाली येतो. किती खाली? सल्फेट डोक्याचं कुटुंब घ्या, सगळे सोडियमचे. ८ कार्बनच्या शेपटीला सीएमसी साधारण १३० मिलीमोलर, १० ला ३३, १२ ला ८ आणि १४ ला २. म्हणजे दोन कार्बन वाढले की चौथा हिस्सा, एक वाढला की निम्मा. हा नियम चार्जवाल्या डोक्यांचा. ज्यांच्या डोक्याला चार्जच नाही त्यांच्यात एका कार्बनमागे तिसरा हिस्सा होतो, कारण गोळा बनताना डोकी एकमेकांना ढकलत नाहीत, शेपटीचं पुरतं चालतं. शेपटीत बेंझिनची कडी असेल, जशी ॲसिड स्लरीत (डिटर्जंटच्या कच्च्या मालात) असते, तर ती कडी साडेतीन कार्बनच्या बरोबरीची धरायची.

मग लांबच लांब शेपटी घ्या की, असं वाटेल. तिथेच फसतो आपण. लांब शेपटीचा साबण थंड पाण्यात विरघळतच नाही नीट, आणि खाऱ्या पाण्यात तर नाहीच. आमच्या खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात तेव्हा हे घरोघरी दिसतं, साधा कपड्याचा साबण घासून घासून झिजतो पण फेस नाही, नुसते पांढरे गोळे. खोबरेल तेलाचा साबण त्याच पाण्यात थोडा तरी फेस देतो. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड, म्हणजे १२ कार्बन. चरबीच्या किंवा पाम तेलाच्या साबणात १६ आणि १८ वाले जास्त. बोटीवर समुद्राच्या पाण्याने अंघोळ करणाऱ्या खलाशांसाठी पूर्वीपासून खोबरेल तेलाचा साबण बनवायचे तो ह्याचसाठी. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार असतात, लांब शेपटीचा साबण त्यात सरळ बाहेर फेकला जातो.

करून बघा: तीन बाटल्या, एकात पावसाचं किंवा बॅटरीचं पाणी, एकात विहिरीचं, एकात समुद्राचं. दोन्ही साबणांचा सारखाच कीस टाकून वीस वेळा हलवा आणि पाच मिनिटांनी फेसाची उंची पट्टीने मोजा.

शेपटी सरळ आहे की फांद्या फुटलेल्या, हेही बघायचं. फांद्या असल्या की शेपट्या नीट रचल्या जात नाहीत, सीएमसी वर जातो. १९५० च्या दशकात फांद्यावाल्या शेपटीच्या डिटर्जंट पावडरी परदेशात खूप चालल्या, पण जिवाणूंना ती शेपटी खाता येईना, नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगायला लागले, मग १९६५ च्या आसपास कंपन्यांनी सरळ शेपटी आणली. आज बाजारात ॲसिड स्लरी म्हणून मिळतं ते सरळ शेपटीवालं.

स्टेप ३: डोकं बघा

शेपटी १२ ची ठेवू आणि फक्त डोकं बदलू. सल्फेट डोकं, ऋण चार्ज, सीएमसी ८ मिलीमोलर. ट्रायमेथिल अमोनियम डोकं, धन चार्ज, साधारण १५. आणि चार्ज नसलेलं इथिलीन ऑक्साइडच्या ८ कड्यांचं डोकं, साधारण ०.१. तीच शेपटी बरं का, आणि आकडा ऐंशी पट खाली. सारख्या चार्जची डोकी शेजारी बसायला कुरकुर करतात, चार्ज नसला की कुरकुर संपली. धन आणि ऋण दोन्ही एकाच डोक्यात असलेले, म्हणजे शांपूत असतं ते सीएपीबी (कोकामिडोप्रोपिल बिटेन), ते ह्या दोघांच्या मधले.

एसएलएस आणि एसएलईएस ह्यात गोंधळ नको. एसएलएस म्हणजे १२ ची शेपटी आणि थेट सल्फेट. एसएलईएसमध्ये शेपटी आणि सल्फेटच्या मध्ये इथिलीन ऑक्साइडच्या एक-दोन-तीन कड्या घातलेल्या असतात, त्या पाणी धरून ठेवतात. तेवढ्याने जड पाण्यातल्या कॅल्शियमला ते जास्त दाद देत नाही आणि थंडीतही गोठत नाही. साबणाचं डोकं कार्बोक्झिलेट, ते कॅल्शियम दिसलं की त्याच्याशी गट्टी करून खाली बसतं, बादलीच्या कडेला चिकट पांढरी रेघ येते ना, ती तीच.

स्टेप ४: चिरा आणि विहीर

आता मुख्य भाग, हा घाई न करता वाचा. मायसेलचा आकार गोल होईल, लांब होईल की सपाट, हे कशावरून कळतं?

जांभ्याच्या चिऱ्याने गोल विहीर बांधताना कधी बघितलंय का? गवंडी चिरा तासतो, बाहेरची बाजू रुंद, आतली अरुंद, मग असे चिरे शेजारी लावत गेलं की भिंत आपोआप वळते आणि गोल पुरा होतो. जितका उतार जास्त तितकी विहीर लहान. आणि चिरा तासलाच नाही, चौकोनी ठेवला, तर सरळ गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत होते, वळत नाही. सर्फॅक्टंटचा रेणू म्हणजे असा चिरा, डोकं बाहेरची बाजू, शेपटी आतली. डोकं रुंद आणि शेपटी बारीक असेल तर छोटे गोल गोळे. डोकं थोडं लहान झालं तर गोळा जमत नाही, लांब दांडे होतात. डोकं आणि शेपटी सारख्याच रुंदीचे झाले तर सपाट थर, गडगा. दोन शेपट्या असलेलं लेसिथिन घ्या, सोयाबीनमधलं, ते गोळे करतच नाही, थरच करतं, आपल्या पेशींची पातळ आवरणं तशाच थरांची असतात. आणि डोकं शेपटीपेक्षाही बारीक असेल तर सगळंच उलटं, डोकी आत, शेपट्या बाहेर.

ह्याला आकडा दिला इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम ह्या तीन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये. शेपटीचं घनफळ भागिले, डोक्याने व्यापलेलं क्षेत्र गुणिले शेपटीची लांबी. उत्तर एक तृतीयांशच्या खाली आलं तर गोळे, तिथून अर्ध्यापर्यंत दांडे, अर्ध्यापासून एकपर्यंत थर, एकच्या वर उलटे. शेपटीचे आकडे टॅनफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाच्या सूत्राने निघतात: घनफळ म्हणजे २७.४ अधिक २६.९ गुणिले कार्बनची संख्या, लांबी म्हणजे १.५ अधिक १.२६५ गुणिले कार्बनची संख्या, सगळं अँगस्ट्रॉममध्ये. १२ कार्बनला घनफळ ३५० आणि लांबी १६.७ येते. एसएलएसच्या डोक्याला साधारण ६० चौरस अँगस्ट्रॉम धरा, भागाकार येतो ०.३५. म्हणजे अगदी उंबरठ्यावर बसलेलं प्रकरण, जरासा धक्का लागला की गोळ्याचा दांडा व्हायला तयार. हा उंबरठा लक्षात ठेवा, मामीची बादली इथेच अडकलीय.

अजून एक हिशोब ह्यातूनच फुकट मिळतो. विहिरीला आत मोकळी जागा असते, मायसेलला नसते, शेपट्यांनी मध्यापर्यंत पोचायलाच हवं. म्हणून गोळ्याची त्रिज्या शेपटीच्या लांबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. १६.७ त्रिज्येच्या गोळ्याचं घनफळ काढा, ३५० ने भागा, ५६ येतं. प्रयोगात एसएलएसच्या एका मायसेलमध्ये साठ-बासष्ट रेणू सापडतात. शाळेतलं गोलाचं सूत्र वापरून एवढं जवळ जाता येतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोनदा कॅल्क्युलेटर दाबून बघितला होता.

स्टेप ५: आता मीठ

मीठ पाण्यात गेलं की सोडियमचे धन आयन वाढतात, ते ऋण डोक्यांच्या आसपास गर्दी करतात आणि डोक्यांची आपसातली ढकलाढकली दबते. डोकी जवळ येतात, म्हणजे चिऱ्याची बाहेरची बाजू अरुंद झाली. एसएलएसच्या पाण्यात लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास मीठ टाकलं की सीएमसी ८ वरून दीडवर येतो आणि एका मायसेलमधले रेणू साठवरून नव्वदच्या घरात जातात. चार्ज नसलेल्या सर्फॅक्टंटला एवढ्याशा मिठाने काही फरक पडत नाही, त्याला दबायला चार्जच नाही.

एसएलईएसच्या लिक्विडमध्ये प्रमाण बरंच जास्त असतं. तिथे मीठ टाकत गेलं की गोळ्यांचे दांडे, दांड्यांचे लांब लवचिक दोरे होतात, ते एकमेकांत गुंततात, रापणीचं जाळं गुंडाळून ठेवल्यावर सुटत नाही तसे, आणि लिक्विड घट्ट होतं. अजून मीठ टाकलं की दोऱ्यांना फाटे फुटतात, गाठी एकमेकांवरून सरकायला लागतात, आणि घट्टपणा खाली येतो. त्याच्याही पुढे गेलात तर गढूळ होऊन दोन थर पडतात. म्हणजे डोंगर चढून पलीकडे उतरल्यासारखं आहे, मामी पलीकडे उतरली होती आणि अजून खाली चालली होती.

इलाज सोपा होता पण ऐकून तिला पटेना. पातळ झालेल्या लिक्विडमध्ये पाणी घातलं की ते घट्ट होतं! कारण मिठाचं प्रमाण परत शिखराकडे येतं. आधी एका ग्लासात करून दाखवलं तेव्हा पडवीतल्या सगळ्या बायका बघायला आल्या. पाण्याने सर्फॅक्टंटही पातळ होतं म्हणून अगदी पहिल्यासारखं नाही जमलं, थोडी बिनमिठाची पेस्ट वेगळी विरघळवून घालावी लागली, पण बादली वाचली.

नवीन करणाऱ्यांनी असं करा. पेस्ट आधी पूर्ण विरघळवा, आणि पेस्ट पाण्यात टाका, पाणी पेस्टवर ओतू नका. बाजारातली पेस्ट ७० टक्क्यांची असते, तिच्यात सपाट थर असतात म्हणून ती सरकते तरी. पाणी हळूहळू ओतलं की मधल्या प्रमाणात दांडे शेजारी शेजारी दाटीने रचले जातात आणि जेलीसारखे गोळे होतात, मग ढवळत बसा दुपारभर. नीट विरघळलं की शंभर शंभर मिलीचे सहा-सात ग्लास घ्या, पहिल्यात मीठ नाही, दुसऱ्यात अर्धा ग्रॅम, तिसऱ्यात एक, असं वाढवत जा. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवा. फेस बसू दे, तासाभराने प्रत्येक ग्लासातून एकाच मापाचा चमचा भरून तिरक्या ताटलीवर ओता आणि खाली यायला किती सेकंद लागतात ते लिहा. शिखर कुठल्या ग्लासात आहे ते कळलं की त्याच्या थोडं अलीकडे थांबा, अगदी टोकावर नको, कारण पुढच्या वेळी पेस्ट जरा वेगळी आली की तुम्ही पलीकडे पडाल. सीएपीबी घालत असाल तर मीठ कमी लागतं, त्याचा धन भाग ऋण डोक्यांच्या मध्ये जाऊन बसतो आणि मिठाचं निम्मं काम आधीच करून ठेवतो. लिंबाचा वास घालतानाही बघा, तो तेलकट असतो, मायसेलच्या पोटात जातो आणि घट्टपणा हलवतो. म्हणून वास आधी, मीठ शेवटी.

स्टेप ६: सीएमसी घरी मोजा

हे कॉलेजवाल्यांसाठी, पण कोणीही करू शकतं. २.८८ ग्रॅम शुद्ध एसएलएस बॅटरीच्या पाण्यात विरघळवून बरोबर १०० मिली करा, हे झालं ०.१ मोलरचं सॉल्युशन. दुसऱ्या भांड्यात २०० मिली बॅटरीचं पाणी घ्या, त्यात टीडीएस मीटर बुडवा. सिरिंजने २ मिली सॉल्युशन टाका, हळू ढवळा, आकडा लिहा, परत २ मिली, असं ४० मिलीपर्यंत. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती जाते तेच मोजतो, त्यामुळे आपल्याला चालतो. प्रत्येक वेळचं प्रमाण काढून ग्राफ काढा. सुरुवातीला रेघ भराभर चढेल, साधारण नवव्या सिरिंजला, म्हणजे १८ मिलीला, ती वाकेल आणि पुढे बरीच मंद चढेल. तिथलं प्रमाण काढा, ०.१ गुणिले १८ भागिले २१८, सव्वाआठ मिलीमोलर. रेघ वाकते कारण मायसेल बनला की बरेचसे सोडियम आयन त्याच्या अंगाला चिकटून बसतात, वीज वाहायला मोकळे राहत नाहीत.

बाजारातली सुटी पावडर वापरलीत तर वाक पुसट येईल आणि जागा सरकेल, कारण त्यात १४ च्या शेपट्याही असतात आणि सोडियम सल्फेटही. चूक तुमची नव्हे. नळाच्या पाण्याने मात्र करू नका, त्यातले क्षार सगळा ग्राफ बिघडवतात.

स्टेप ७: फ्रिज आणि शेगडी

चार्जवाल्यांना थंडी सोसत नाही. एका ठरावीक तापमानाखाली ते पाण्यात मायसेल न करता स्फटिक होऊन बसतात, त्याला क्राफ्ट तापमान म्हणतात. एसएलएसचं १५-१६ अंशांच्या आसपास, आपल्याकडे किनाऱ्यावर पारा क्वचितच एवढा उतरतो म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. १८ कार्बनच्या सोडियम साबणाचं मात्र ७० च्या आसपास. चार्ज नसलेल्यांचं उलट, त्यांना उष्णता सोसत नाही, तापवलं की डोक्यावरचं पाणी सुटतं, डोकी आकसतात, मायसेल वाढतात आणि सॉल्युशन दुधी होतं. लॅबमध्ये ट्रायटन एक्स-१०० हा चार्ज नसलेला सर्फॅक्टंट असेल तर त्याचं एक टक्क्याचं सॉल्युशन गरम पाण्यात धरा, ६५ अंशांच्या आसपास एकदम ढग येईल, थंड केलं की जाईल.

घरी फ्रिजचा प्रयोग करा. दोन छोट्या बाटल्या, एकीत १० टक्के एसएलएस, एकीत तेवढंच एसएलईएस, रात्रभर खालच्या कप्प्यात. सकाळी पहिली पांढरी, दुसरी तशीच. फ्रिज नसेल तर दुसरा रस्ता आहे, बीपीवाल्यांसाठी लो-सोडियम मीठ मिळतं ना, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते एसएलएसच्या पाण्यात टाका, भर मे महिन्यातही पांढरं साकळतं, कारण सोडियमच्या जागी पोटॅशियम आलं की तेच क्राफ्ट तापमान ३५ च्या आसपास जातं. साबणाच्या बाबतीत मात्र पोटॅशियम उलट मऊ करतं, लिक्विड साबणाला कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घेतात तो त्यामुळे, तेव्हा एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका. आणि घरात असं मीठ येत असेल तर लिक्विडसाठी मीठ काढताना पुडी वाचून घ्या. साकळलंच तर टाकून देऊ नका, बाटली गरम पाण्याच्या टोपात दहा मिनिटं उभी करा, परत नितळ होते.